१ जूनचे सज्ञान

नागपुरात भाऊंचा वाढदिवस आला की तो बालगृहात साजरा होतो. ‘काऊन, पोट्टे जमले का सारे?’ असं विचारत भाऊ गाडीतून उतरतात. केक, केळी, वह्या; मागे फ्लेक्स. सर्वांत लहान पोराला केक भरवला जातो. फोटो हलतो, म्हणून पुन्हा भरवला जातो.

वाढदिवस त्या पोरांचाही असतो. पुष्कळदा १ जूनला.

ज्याच्या जन्माचा कागद नाही, त्याला शाळेच्या रजिस्टरात १ जून चिकटवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. शाळेचाही कागद नसेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात हाडांची तपासणी आहे. तिच्यात कोर्टंसुद्धा दोन वर्षं इकडेतिकडे धरतात. म्हणजे जन्म अंदाजपंचे. अठरा पूर्ण होण्याचा दिवस मात्र बिनचूक.

आणि मुहूर्त बघा! बारावीचा निकाल नुकताच लागलाय, कॉलेजप्रवेशाचा कॅप राउंड अजून यायचाय, दाखल्यांसाठी सेतू केंद्रात रांग आहे, पारा पंचेचाळिशीला टेकलाय. अशा वेळी मुलगा सज्ञान होतो. रात्री खिचडी खाऊन झोपला तेव्हा तो ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ होता. सकाळी दात घासेपर्यंत दोन्ही गरजा संपल्या. हाडं तीच, ज्यांनी दोन वर्षांची शंका ठेवली होती ती. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, या पोराला नाही. तिकडे धरमपेठेतला बंटी सव्वीसचा झाला तरी आई पुण्याच्या ट्रेनमध्ये डबा देते, बाबा खोलीचं डिपॉझिट भरतात आणि दोघं मिळून सांगतात, ‘लहान आहे हो अजून.’ बंटीच्या हाडांची तपासणी कुणी मागितलेली नाही.

कायदा अगदीच निर्दय नाही. अठरानंतर अनुरक्षण, म्हणजे आफ्टरकेअर आहे, २१ पर्यंत. अपवाद म्हणून २३. त्यासाठी मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. आता हिशेब करा. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला गेलेला बाविसाव्या वर्षी बाहेर पडतो. एमबीबीएसला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं; तिथे २३ सुद्धा अपुरं. म्हणजे वेळेत, एकही विषय न अडकता पास होणारा हुशार मुलगासुद्धा सरकारदरबारी ‘अपवाद’ ठरल्याशिवाय अशा पदवीपर्यंत पोचत नाही. आणि जो स्टेशनवर सापडला, ज्याचं नाव शाळेत दोन-तीन वर्षं उशिरा घातलं गेलं, तो अठराचा होतो तेव्हा दहावी-अकरावीत असतो. त्याला कोणता राउंड?

२०१८ मध्ये राज्याने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं. चांगलं केलं. पण प्रवेश मिळाला तरी दिवाळीत मेस बंद होते तेव्हा पोराने जेवायचं कुठे? खोली बघायला गेलं की मालक विचारतो, घरी कोण कोण असतं? चीड याची येते की वर्षभर वह्या वाटणारा एकही भाऊ या प्रश्नाच्या आसपास फिरकत नाही. बावीस वर्षांच्या, दाढी आलेल्या पोराला केक भरवतानाचा फोटो फ्लेक्सवर शोभत नाही ना! त्याला खोलीभाड्यासाठी जामीन राहणारा माणूस हवाय. सहीचा फोटो कोण काढतो?

कॉलेजच्या फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ हा रकाना सक्तीचा असतो. मुलगा तिथे बालगृहाचाच पत्ता टाकतो. पुढे तिथे आलेलं पत्र आणायला गेला की गेटवर भेटायला येणाऱ्यांची वही पुढे येते: नाव, वेळ, आणि ‘बालकाशी नाते’.