अजामृत

लेबल आधी तयार झालं, साबण नंतर. माझ्या बाबतीत हा क्रम नेहमीचाच. 'अजामृत' हे नाव मोठ्या वळणदार अक्षरांत, खाली बारीक टायपात 'हस्तनिर्मित स्नानवडी' आणि कोपऱ्यात मान वळवून बघणारा बोकड. छापखान्यातल्या पोराने 'काका, मटणाची पार्सल सर्व्हिस काढताय का?' असं विचारलं, तेव्हा मी कलावंताला शोभेल अशा सहनशीलतेने तिकडे दुर्लक्ष केलं. त्या वेळी घरात चरबीचा कणही नव्हता. 'तुमच्या पोटावरची धरली नाही तर,' ही दुरुस्ती आमच्या सौ.ची.

निवृत्तीनंतर माणसाला स्वतःच्या हातांनी काहीतरी करून दाखवायची उबळ येते. करण्यापेक्षा दाखवण्याची जास्त. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक जण घरी पाव भाजतो आणि आंबवणाच्या तब्येतीची खबर रोज देतो. दुसऱ्याने गच्चीत ड्रॅगनफ्रूट लावलंय. मला असं काही हवं होतं, की ज्यावर कुणाला 'हो, आमची सूनपण करते' म्हणता येणार नाही. खोबरेलाचा साबण त्यात बसत नव्हता. तो हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी बाई करते, वर गुलाबाच्या पाकळ्या चिकटवते आणि दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल लावते. चरबीचा साबण मात्र आख्ख्या पेठेत कुणी करत नव्हतं. का करत नसतील, हा विचार सुज्ञ माणसाने करायचा. माझी लेबलं छापून झाली होती.

शिवाय या विषयाला घराणं आहे. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ साली डुकराच्या चरबीपासून केलेला एक साबण तपासायला घेतला आणि चरबी म्हणजे नेमकं काय, याचा छडा लावत १८२३ साली त्यावर ग्रंथच लिहिला. चरबीत मेदाम्लं आणि ग्लिसरीन एकमेकांना बांधलेली असतात. कॉस्टिक सोडा येऊन हे लग्न मोडतो, मेदाम्लांशी स्वतः संसार थाटतो, आणि ग्लिसरीन मोकळं होतं. हा नवा संसार म्हणजे साबण. शेव्रल १०२ वर्षं जगला. आयफेल टॉवरवर त्याचं नाव कोरलेलं आहे. एका लग्नात जिलबी-मठ्ठ्याच्या टेबलापाशी मी एका गृहस्थांना हे सगळं सांगितलं. ते जिलबी तशीच ठेवून वधूपक्षाकडे निघून गेले.

आता चरबी. व्हिडिओतल्या अमेरिकन बाया फुलाफुलांचा एप्रन बांधून गाईची नाहीतर डुकराची चरबी वापरतात. त्यांना ती दुकानात डबाबंद मिळते. आपल्याकडे गाय १९७६च्या कायद्यापासून आणि बैल २०१५च्या दुरुस्तीपासून बाद. डुकराची बघतो म्हटल्यावर सौ.ने वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, 'आणि राहणार कुठे?' उरला बोकड.

आमच्या मटणवाल्याकडे रविवारी सकाळी मोठी रांग असते. माझा नंबर आला तेव्हा त्याने सवयीने सुरी उचलली.

'काका, नेहमीचं? अर्धा किलो, सीना-चाप, चरबी कमी?'

'आज फक्त चरबी.'

मागची कुजबुज थांबली.

'किती?'

'दोन किलो.'

त्याने सुरी खाली ठेवली. 'काकू बऱ्या आहेत ना?'

मी साबणाचं सांगितलं. 'साबण विकत मिळतो की,' तो म्हणाला. पण माणूस कामाचा पक्का. मी बोटाने दाखवलेली पिवळट चरबी त्याने बाजूला सारली. 'ही नको, वास मारते. गुर्द्याची घ्या.' हुकाला टांगलेल्या बोकडाच्या पोटात त्याने हात घातला, अंगठ्याने पापुद्रा सोडवला आणि गुर्दा अलगद बाहेर काढला. मागे राहिलेलं वेष्टन पांढरंशुभ्र होतं, कोरडं, चिमटीत धरलं तर चुरा होणारं. चरबीचा साबण करणारे हीच चरबी शोधतात, कारण ती सगळ्यांत कडक आणि सगळ्यांत कमी वासाची. 'आणि हा खच्ची केलेला आहे,' तो म्हणाला. 'दुसऱ्याची नेली असती ना, तर आंघोळ झाल्यावर परत आंघोळ करावी लागली असती.'

मी पैसे देताना त्याला या उपक्रमामागची भूमिका सांगितली: निसर्गात काही वाया जात नाही, आपण मात्र टाकून देतो, वगैरे.

'टाकतंय कोण?' तो म्हणाला. 'टेम्पोवाला येतो ना पोती भरून न्यायला.'

'कुठे नेतो?'

'साबणालाच नेत असेल.'

चरबी कढवायला घेतली आणि अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला: 'सर्व सभासदांनी आपापल्या ड्रेनेजची तपासणी करून घ्यावी.' शेळी-बोकडाच्या त्या खास वासाला काही छोटी, फांद्या फुटलेली मेदाम्लं जबाबदार असतात, असा खुलासा मी टाकला. त्यावर सात जणांनी हात जोडले. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र जातीने आल्या. या काकू तांब्याच्या परातीत तूप पाण्याने शंभर वेळा धुऊन शतधौत घृत करतात आणि भेगाळलेल्या टाचांसाठी इमारतभर वाटतात. 'काकू, तूप म्हणजे तरी काय, जनावराची चरबीच,' मी म्हणालो.

'काहीतरीच! ते तूप आहे.'

या युक्तिवादापुढे मी काय, कंपनी सरकारही टिकलं नाही. या देशात १८५७ साली चरबी लावलेल्या काडतुसांवरून पलटणी बिथरल्या आणि १९८३ साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ निघाली तेव्हा संसद गाजली. त्यानंतर चरबीची आयातच बंद झाली. अर्देशर गोदरेजांनी शंभरेक वर्षांपूर्वी प्राण्यांच्या चरबीशिवाय साबण काढला आणि स्वदेशीच्या दिवसांत तो खपला, त्यामागेही हीच नस होती. २०१४ साली तर केंद्राने साबणाच्या पाकिटावरही हिरवा किंवा लाल-तपकिरी ठिपका हवा, असा नियम काढला. मी लेबलावर तपकिरी ठिपका प्रामाणिकपणे छापला होता. काकूंनी तेवढाच वाचला.

पण काकूंवर मी हसतो ते जरा जपून. कोल्हापूर सोडून पुण्यात आलो तेव्हा भाड्याच्या घरासाठी प्रत्येक दारात पहिला प्रश्न पगाराचा नसायचा, ताटाचा असायचा. 'तुमच्यात चालतं का?' आम्ही नाही म्हणून सांगितलं आणि घर मिळवलं. मग मटण आणायचं ते दूरच्या पेठेतून, पिशवीत तळाशी, वर मेथीची जुडी. जिन्यात मालकीणबाई भेटल्या की मेथीचा भाव सांगत वर यायचं. शिट्ट्या रेडिओच्या आवाजात जिरवायच्या. मुलीला तर शाळेत डब्यात काय होतं हे सांगायचं नाही, हे बाराखडीच्या आधी शिकवलं. आजही स्वतःच्या घराच्या, स्वतःच्या नावाच्या पाटीमागे कुकर लावताना सौ. आधी खिडकी लावून घेते. ते आठवलं की ड्रेनेजच्या निरोपाचं मला तितकंसं हसू येत नाही.

तर कढवणं. मी कोरडीच चढवली होती, थर्मामीटर लावून, हातमोजे घालून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासता घासता दोन-तीनदा वळून बघून गेल्या. शेवटी म्हणाल्या, 'काका, बाजूला सरा.' त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, गॅस बारीक केला. वितळलेलं सगळं फडक्यातून गाळलं आणि निवू दिलं. वर जमलेला गोळा उलटा करून खालची तपकिरी खरवड सुरीने काढली, पुन्हा पाणी, पुन्हा मीठ. दुसऱ्या खेपेला निघालेली चरबी पांढरी आणि जवळजवळ बिनवासाची होती.

'तुम्हाला हे कसं येतं?'

'आजी करायची. गाडग्यात भरून ठेवायची. तेल कुठलं परवडायला? फोडणी त्याचीच.'

मावशी मराठवाड्यातल्या. तिथल्या महार-मांग घरांतल्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी लिहिलेलं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' माझ्या कपाटात आहे. ते वाचून भारावलो होतो आणि चार लोकांना वाचायला दिलं होतं, आणि इतकी वर्षं ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता. चरबी कुठल्या जनावराची असायची, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या मेथीच्या जुडीखाली लपलं तेवढं तरी लपवता आलं होतं.

संध्याकाळी मी वहीत 'पारंपरिक पद्धत' असं लिहिलं आणि पुढच्या लेबलावर ते टाकावं का, याचा विचार करू लागलो. जित्याची खोड.

प्रत्यक्ष साबण करणं त्यामानाने सोपं. १०० ग्रॅम बोकडाच्या चरबीला साधारण १४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, खोबरेलाला १८च्या वर. दोन्हींत पाचेक टक्के हात आखडता घ्यायचा, म्हणजे मोकळा सोडा राहून कातडी सोलत नाही. चरबीची वडी कडक होते, पण फेस बेताचा. म्हणून एक चतुर्थांश खोबरेल. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. जर्मनचं पातेलं चालत नाही. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. हे ऐकताच सौ.ने घरातली सगळी जर्मनची भांडी दिवाणात घालून वर स्वतः बसून घेतलं. मी भाच्याचा पोहायचा चष्मा लावून घोटत राहिलो. पळी उचलल्यावर पडणाऱ्या धारेची रेघ वर उमटून राहायला लागली, की मिश्रण श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. मग वड्या कापून कपाटावर चार ते सहा आठवडे.

या वाट बघण्याच्या काळात मी साबणाच्या चिपेबद्दल खूप विचार केला, आणि तो इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. वडी झिजून पारदर्शक झाली की मराठी घराचा खरा कस लागतो. आमचे वडील नव्या वडीवर जिथे कंपनीचं नाव खोदलेलं असतं त्या खळग्यात जुनी चिप बसवत. दोन्ही ओल्या करायच्या, दाबायच्या आणि रात्रभर उलट्या ठेवायच्या. सकाळी जोड कळला तर वडिलांना ते स्वतःचं अपयश वाटे. लाल वडीवर पांढरी चिप, त्यावर पुढच्या महिन्यात हिरवी. आमच्या मोरीत भूगर्भशास्त्र शिकता आलं असतं. सुवासिक साबण पाहुण्यांचा, आणि पाहुणे येईपर्यंत तो आईच्या साड्यांच्या घडीत. मोती दिवाळीचा, पहिल्या आंघोळीला गोल असलेला तो तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा. आमच्या बँकेत बेसिनवरच्या साबणाला भोक पाडून दोरीने नळाला बांधलेलं असे. लोकांच्या लाखांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेचा माणसांवरचा विश्वास तिथे संपायचा. मॅनेजरचा साबण मात्र ड्रॉवरमध्ये, डबीत. मला बढती मिळाली त्या दिवशी मी केबिनच्या खुर्चीआधी डबी विकत घेतली होती. बिनदोरीचा साबण हातात घेऊन बेसिनकडे जाताना सगळा स्टाफ बघत असावा, अशी माझी समजूत होती. साबण तयार करायची हौस तिथूनच कुठूनतरी आली असणार. असो. चिपांवर एक स्वतंत्र पुस्तक होईल. लेबल मी करून देईन.

वड्या चांगल्या निघाल्या, हे निःपक्षपातीपणे सांगतो. कडक, हस्तिदंती, मऊसूत फेसाच्या. कट्ट्यावरच्या पाववाल्याने हुंगून बघितली आणि 'पावाला लोणी नाही ना लावलंत?' असं विचारलं. काकूंनी हात लावला नाही, पण 'गॅसच्या शेगडीला चालेल का?' अशी चौकशी केली. मावशींना मी दोन वड्या लेबलासकट, दोन्ही हातांनी दिल्या. त्यांनी त्या ओट्यावर ठेवल्या.

'नको, काका. जन्मभर हातापायाचा चरबीचा वास जावा म्हणून साबण घेतला. आता साबणच चरबीचा कुठं लावू? गुलाबाचा असंल तर द्या.'

मी दिवाळीच्या प्रदर्शनातून पाकळ्या चिकटवलेल्या चार वड्या आणून दिल्या. टेबलवाल्या बाईंनी 'तुम्हीपण करता ना साबण?' असं विचारलं, तेव्हा मी दुसऱ्या टेबलाकडे बघत होतो.

मटणवाल्याला दिलेल्या वड्यांचं मी विसरलो होतो. पुढच्या एका रविवारी त्याने रांगेतून मला पुढे बोलावलं. 'काका, हाताचा वास जातो बरं का. रात्री पोरगी आपणहून जवळ येऊन बसली. अजून दहा द्या.'

माझी छाती भरून आली. मी ऐंशी रुपये वडी सांगितली.

'चरबी कुणाची?'

'तुमची.'

'खच्चीची, गुर्द्याची, निवडून दिलेली?'

'हो.'

'मग ऐंशी कसले?'

रांग ऐकत होती. शेवटी वडीमागे पन्नास ग्रॅम कलेजी यावर तुटलं. डॉक्टरांनी माझी कलेजी बंद केली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.