अनाब-ए-शाहीच्या मांडवाखाली

फ्रान्समधले द्राक्षमळे बघून आलेला माणूस पुढे काही महिने तरी सरळ पाणी पीत नाही. पेला उजेडाकडे धरतो, गोल फिरवतो, त्यात नाक घालतो आणि नळाला आलेलं कृष्णेचं पाणीसुद्धा तोंडात खेळवून मगच गिळतो. आमचे एक काका निवृत्तीनंतर बोर्दोला आठवडाभर राहून आले. तेव्हापासून हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या त्यांच्या घरी चहा मिळायच्या आधी मळ्यांचे फोटो बघावे लागतात.

काका सांगतात ते मात्र ऐकण्यासारखं असतं. बोर्दोकडच्या मेदोकच्या मळ्यांची प्रतवारी १८५५ साली, पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं तिसऱ्या नेपोलियननं करवून घेतली. त्यानंतर एका मळ्याला १९७३ साली बढती मिळाली, तेवढीच काय ती मोठी दुरुस्ती. ‘‘आणि आपल्या सोसायटीचे पार्किंगचे नियम दर दिवाळीला बदलतात,’’ काकू आतून म्हणाल्या.

आम्हाला पटलं नाही ते एकच, थुंकणं. पैसे मोजून घेतलेला वाइनचा घोट तोंडात फिरवायचा, त्यात चामडं, तंबाखू, पावसात भिजलेला दगड वगैरे शोधायचं आणि शेवटी तो बादलीत टाकून द्यायचा. ताटात काही टाकू नये या शिस्तीत वाढलेल्या माणसाच्या हातून हे कसं व्हावं? काकांना खोदून विचारलं तेव्हा त्यांनी कबूल केलं, की बादली त्यांनी शेजाऱ्याकडे सरकवली होती. दुपारनंतरचे फोटो किंचित तिरके का आहेत, ते तेव्हा कळलं.

खुद्द हैदराबादेत ‘वाइन्स’ अशी पाटी दर चौकात दिसते. आत शिरलं तर वाइन सोडून बाकी सगळं हाताशी असतं. वाइन मागितली तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग शिडी शोधतो.

पण द्राक्षांच्या बाबतीत या गावानं कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही. अनाब-ए-शाही ही जात इथलीच म्हणायची. १८९० साली अब्दुल बाकर खान यांनी ती हैदराबादेत आणली. गादीवर तेव्हा सहावे निजाम होते, म्हणजे शाही म्हणायलाही हरकत नव्हती. इथून ती दक्षिणेत पसरली. त्याच्याही मागे जायचं तर इब्न बतूतानं चौदाव्या शतकात दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे, वर्षातून दोनदा पीक घेतात म्हणून. दौलताबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होतं, तेव्हा तो मानही आम्ही हैदराबादी मराठी लोक बिनदिक्कत आमच्याकडे ओढून घेतो.

म्हणून एका फेब्रुवारीत काका-काकूंना घेऊन शहराबाहेर कीसराच्या बाजूच्या एका बागेत गेलो. तिथे बोर्दोसारखा वाडा नव्हता. पत्र्याची शेड होती, एक तराजू होता आणि बांधलेला असूनही भुंकणारा कुत्रा होता. हातात टोपली आणि कात्री मिळाली. मांडव बेताचा उंच, त्यामुळे काकांना सगळा मळा वाकून बघावा लागला. एवढा नम्रपणा त्यांनी फ्रान्समध्येही दाखवला नसेल. काकांनी सवयीनं एक मणी उजेडाकडे धरला. राखणदार म्हणाला, ‘‘पैले खालेओ साब, तौलना बाद में करिंगे.’’

त्यानंच एक गोष्ट शिकवली. घड गोड झाला का हे पाहायचं तर वरचा मणी खायचा नाही, अगदी खाली शेंड्याचा खायचा. वरचे मणी आधी पिकतात, शेंडा सगळ्यांत मागे असतो. तो गोड लागला तर घड खुशाल कापावा. मण्यांवर पांढुरका थर होता. काकू तो औषधाचा समजून पदरानं पुसायला लागल्या. तो मण्याचा स्वतःचा मेणाचा थर. फवारलेलं औषध डोळ्यांना दिसेलच असं नाही, म्हणून द्राक्षं धुवावीत हे खरंच.

अनाब-ए-शाहीचा मणी लांबट, फिकट, रसानं भरलेला आणि आत बिया. इथे मात्र थुंकावंच लागतं, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. काकूंनी चवीचा निकाल चार शब्दांत दिला: ‘‘गोड आहे, पाणचट नाही.’’ काकांना मधाचा आणि कसल्याशा फुलांचा वास आला. बाजूला कण्हेर फुलली होती.

पुढे बिनबियांच्या थॉमसननं बाजार मारला. निर्यातीला बिनबियांची द्राक्षंच चालतात, मुलांनाही तीच हवीत. शिवाय शहर वाढलं, जमिनीला गुंठ्यावर भाव आला आणि मांडव काढून मळ्यांचे प्लॉट पडले. फ्रेंच माणूस मळ्याची माती हातात घेऊन गहिवरतो. आमच्याकडे तीच माती जेसीबीनं उचलली आणि वसाहतीला ‘ग्रीन’ काहीतरी नाव दिलं.

फ्रेंच मातीचा तोरा मात्र थोडा कमी करून ऐकावा. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं त्यांच्या वेलींची मुळं खाऊन टाकली. त्यांना अमेरिकन खुंटावर कलमं बांधावी लागली आणि अजूनही बहुतेक वेली तशाच उभ्या आहेत. नाशिक-सांगलीचा बागायतदार ज्या डॉगरीजवर कलम बांधतो, तो खुंटही मूळचा टेक्सासकडचा. फरक एवढाच, की त्यांची वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोपू देईल अशी थंडीच पडत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी. आमच्या वेलीसुद्धा नोकरदार आहेत.

काका आता पुढच्या वर्षी बर्गंडीला जायचं म्हणतात. त्यांनी जरूर जावं. इतरांनी राजेंद्रनगरच्या द्राक्ष संशोधन केंद्रात चौकशी करावी. तिथे हंगामात लोकांना निरनिराळ्या जातींची द्राक्षं बघायला, चाखायला आणि विकत घ्यायला मिळतात. जानेवारी-फेब्रुवारीत जा, सकाळी जा, टोपी घाला आणि शेंड्याचा मणी आधी खा. एप्रिल लागला की खरड छाटणी होते. मग मांडवावर नुसती लाकडं उरतात.