व्हय म्हाराजा, कोटिंग घाल!

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सल्ला नेहमी फुकट मिळत आला आहे. तिठ्यावर एसटीची वाट बघत उभे राहिलात, तर एसटी येईपर्यंत कलमांना कुठलं खत घालावं, मुलीला कुठल्या गावात द्यावी आणि सामायिक जमिनीच्या वाटणीला कुठला वकील धरावा, याचा निकाल लागलेला असतो. सल्ला कोणी मागितलेला नसतो, म्हणून त्याचे पैसेही कोणी मागत नाही. अशा जिल्ह्यात सल्ल्याचं बिल करणारा माणूस उभा राहावा, तेही 18 टक्के जीएसटी लावून, ही 1 मे 1981 ला आम्ही रत्नागिरीपासून वेगळे झालो त्यानंतरची सर्वांत मोठी घडामोड म्हणायला हवी. या माणसाला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात.

मुंबई-गोवा हायवेला लागून काचेची शोरूम असते, तिच्या मागच्या अंगाला तो सापडतो. पुढच्या दारात गाडी विकणारा बसतो. तो सांगतो, घ्या साहेब, पंधरा वर्षं बघायला नको. मागच्या दारातला हा तीच गाडी वर्षभराने बघतो आणि सांगतो, साहेब, हिचं काही खरं नाही. दोघांचा पगार एकाच खात्यातून होतो आणि दुपारी दोघे एकाच डब्यातली किसमूर खातात.

वय पंचविशीच्या आसपास. शर्ट इस्त्रीचा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. हाताला ग्रीस मात्र नाही. ग्रीस ज्याच्या हाताला असतं तो मेकॅनिक आत रॅम्पखाली असतो आणि त्याला गिऱ्हाइकाशी बोलू देत नाहीत, कारण तो खरं बोलण्याची शक्यता असते.

ॲडव्हायझरचं मुख्य हत्यार म्हणजे 'च्च'. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, पुढच्या चाकाशी वाकतो, काहीतरी बघतो आणि 'च्च' करतो. पुढे काही बोलत नाही. टॅबवर लिहीत राहतो. एवढ्यात आपल्या पोटात गोळा आलेला असतो. मग तो शांतपणे विचारतो, "गाडी कुठे लावता? अंगणातच? समुद्र किती लांब?" आपण सांगतो, किलोमीटरभर असेल. तो पुन्हा 'च्च' करतो. "खारी हवा, साहेब."

इथे माणूस हरतो. कारण खारी हवा खोटी नाही. मालवणात खिडकीचे गज, छपराचे खिळे, सायकलची साखळी, सगळ्यांना गंज लागतो हे तो आणि आपण दोघेही लहानपणापासून बघत आलेलो. खऱ्या गोष्टीवर पाय ठेवून पुढची उडी मारायची, ही त्याची खरी विद्या. त्या उडीचं नाव अंडरबॉडी कोटिंग. आजकाल गाडीचा अख्खा सांगाडा कारखान्यातच प्रायमरच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने त्यावर थर चढवून येतो, हे पुढच्या दारातल्याला पाठ असतं. मागच्या दारातल्याला ते ठाऊक नसतं असं नाही. त्याला ते आठवत नाही.

बरं, कोटिंगसाठी समुद्रच हवा असंही नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाला खारी हवा. रेडीच्या माणसाला खाणीची धूळ. कुडाळच्या माणसाला लाल माती. आंबोलीच्या माणसाला पाऊस आणि धुकं. वैभववाडीचा माणूस समुद्रापासून लांब, पण त्याच्या गाडीला करूळ घाटाचा चिखल आहेच. आठ तालुक्यांचा एवढा बारकाईने अभ्यास जिल्हा परिषदेनेसुद्धा केला नसेल. आठही अभ्यासांचा निष्कर्ष मात्र एकच, आणि तो साडेचार हजारांचा.

भाषेतही तो तयार. मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याला 'सर', मुंबईच्या नंबरच्या गाडीला 'साहेब', एमएच 07 ला 'काका'. बोलणं एरवी पुस्तकी मराठी आणि इंग्रजीच्या मिश्रणातलं. पण मध्येच तो आवाज खाली आणून "काका, तुमका म्हणान सांगतंय," असं मालवणीत आला, की खिशावर हात ठेवावा. यादीतला सर्वांत मोठा आकडा पुढच्या वाक्यात असतो.

ती यादी ऐकताना देवळातल्या गाऱ्हाण्याची आठवण येते. फरक इतकाच, की इथे नारळ आपला, देव त्यांचा आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याला इन्सेंटिव्ह आहे.

"बा देवा म्हाराजा! आज ही एमएच 07 ची गाडी तुझ्या रॅम्पार इली हा. तिच्या इंजिनात काय काळो-कचरो साचलो असात, तो फ्लशिंगान भायर काढ!"

"व्हय म्हाराजा!"

"इंजेक्टरात काय अडसर असात, तर डीकार्बनायझिंगान दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"एशीच्या बिळात कोण जीवजंतू ठाण मांडून बसलो असात, तर तेका फोम मारून हाकल!"

"व्हय म्हाराजा!"

"वायरी खाणाऱ्या उंदरांका फवारो मार, पत्र्यार टेफ्लॉन चढय, तळाक कोटिंग घाल, टायरीत नायट्रोजन भर, आणि ह्या लेकराचा ह्या म्हयन्याचा टार्गेट पुरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

हा 'व्हय' म्हणणारा माणूस कोण, हे बघायला हवं. हा तोच, जो सकाळी मालवणच्या बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून वीस रुपये उतरवायला पाऊण तास घालवतो. कल्ला उचलून लाल आहे की नाही बघतो, पोट दाबून बघतो, उठून चार पावलं जातो, परत येतो. त्याच माणसाला वातानुकूलित खोलीत बसवलं, मशीनची कॉफी दिली आणि काचेतून आपली गाडी हवेत उचललेली दाखवली, की त्याची वाचा जाते. बॉनेटखाली लाल काय असावं आणि काळं काय, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसासमोर 'नको' म्हणणं म्हणजे 'परवडत नाही' म्हणणं, अशी त्याला भीती. मासेवालीसमोर गरीब दिसायला आपल्याला काही वाटत नाही. सोफ्यावर बसलं की वाटतं.

या गाऱ्हाण्यात 'व्हय' न म्हणणारे तीन प्रकारचे लोक जिल्ह्यात आहेत.

पहिला प्रकार चाकरमानी. तो चतुर्थीला येतो, वडखळपासूनचे खड्डे मोजत येतो, त्यामुळे आधीच पेटलेला असतो. ॲडव्हायझर त्याला म्हणतो, "साहेब, गावाकडे उंदीर फार. वायरिंग खातात. रॅट रिपेलंट मारून घ्या." पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात हेही खोटं नाही. पण चाकरमानी म्हणतो, "घरी गणपती बसलाहा. तेच्या वाहनाच्या इरोधात माझ्या वाहनाक औषध मारू? आवशीक काय सांगू?" ॲडव्हायझरकडे या मुद्द्याचं प्रशिक्षण नसतं. तो मुकाट्याने ती ओळ खोडतो आणि अनंतचतुर्दशीनंतर फोन करण्याची नोंद करतो.

दुसरा प्रकार निवृत्त गुरुजी. गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल वाचलेला हा तालुक्यातला बहुधा एकमेव माणूस. कुठल्या किलोमीटरला काय बदलायचं, तो तक्ता लाल शाईने अधोरेखित करून तो बरोबर आणतो. "यात इंजिन फ्लशिंग कुठं आहे ते दाखव." नसतं. "टायरमध्ये नायट्रोजन भरूया, सर," असं ॲडव्हायझर म्हणाला, की गुरुजी म्हणतात, "साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. तू उरलेल्या 22 टक्क्यांचे पैसे घे."

"सर, पण बाहेरच्या गॅरेजात काम केलंत तर वॉरंटी…"

गुरुजी याचीच वाट बघत असतात. शमशेर कटारिया नावाच्या एका गृहस्थाच्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोकला, हे ते तारखेसकट सांगतात. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, हा ठपका. आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, हा आदेश.

"सर, ते पुढे अपिलात गेलं."

"नववीतून दहावीत तूसुद्धा अपिलातच गेला होतास," गुरुजी म्हणतात. ॲडव्हायझर त्यांचाच विद्यार्थी निघतो. या जिल्ह्यात कोणीतरी कोणाचा तरी विद्यार्थी निघतोच. मग गुरुजी जॉब कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहितात, 'विचारल्याशिवाय वाढीव काम करू नये. बदललेले भाग परत द्यावेत.' खाली सही, तारीख. आणि जाता जाता 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आपल्याला पाठ असल्याचं, सहज म्हणून, सांगतात.

तिसरा प्रकार दुर्मीळ. देवबागचे एक होडीवाले काका. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढून झालेली, म्हणून वेळच वेळ. ते सोफ्यावर बसत नाहीत. कॉफी घेत नाहीत. वाद घालत नाहीत, कायदा सांगत नाहीत. त्यांच्याजवळ एकच शब्द आहे.

"काका, अंडरबॉडी कोटिंग करूचा लागतला. खारी हवा."

"खारी हवा तू माका सांगतंस? खंय गंज इलो? दाखय."

ॲडव्हायझर टॅबवरचा फोटो दाखवतो. गंजून जाळी झालेला पत्रा. काका चष्मा कपाळावर चढवून निरखून बघतात. "गाडी माझी पांढरी. ह्यो पत्रो निळो कसो?"

"काका, तो नमुन्याचा फोटो."

"माझ्या गाडयेचो दाखय."

गाडी रॅम्पवर चढते. काका खाली जातात, ॲडव्हायझरला जावं लागतं, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पहिला थेंब पडतो. काका चाकावरच्या कमानीत बोट घालून रेतीचा गोळा काढतात. "ह्या बघ. पयल्यांदा ह्या गोड्या पाण्यान धू. आत मीठ-माती ठेवून वरसून काळा फासलास, तर गंज आतल्या आत बसान जेवतलो. आणि ही भोका बुजवू नको. पाणी भायर पडाक ठेवलेली हत."

ॲडव्हायझर गप्प. काका त्याच्याकडे नीट बघतात. "कोणाचो रे तू?"

सिंधुदुर्गात या प्रश्नाला कुठल्याच कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये उत्तर नाही. मुलगा वायरीचा निघतो, त्याची आई काकांच्या वाडीतली निघते. टॅबवरची यादी एकेक ओळ करून गळायला लागते. फ्लशिंग जातं, फोम जातो, टेफ्लॉन जातं.

"ब्रेकपॅड तेवढे बदलूक होये, काका," तो दबल्या आवाजात म्हणतो.

"दाखय."

मेकॅनिक चाक काढून दाखवतो. पॅड खरोखरच संपलेले असतात. काका लगेच म्हणतात, "बदल. ह्याका नाय म्हणूचा नाय." भाव विचारत नाहीत.

सगळ्या प्रकारातली खरी ग्यानबाची मेख इथे आहे. नऊ बिनकामाच्या सल्ल्यांच्या गर्दीत दहावा कामाचा सल्ला उभा असतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. भोळा माणूस दहाही घेतो आणि पुढच्या वेळी गाडी आणायचाच नाही. शहाणा माणूस दहाही नाकारतो आणि कसालच्या उतारावर त्याला ब्रेकपॅडची आठवण येते. दोघांचंही नुकसान करून ॲडव्हायझर मात्र सुखात आहे म्हणावं, तर तेही नाही.

कारण रोज सकाळी साहेब फळ्यापुढे उभं करतात. ऑइलचा भाव कंपनी ठरवते, मजुरीचे दर कंपनी ठरवते, पहिल्या काही सर्व्हिसना मजुरी माफ. मग वाढवायचं काय? तर फ्लशिंग, फोम आणि कोटिंग. फळ्यावर ज्याच्या नावापुढे शून्य, त्याच्यावर संध्याकाळपर्यंत विनोद होतात. वडील म्हणतात, नाय जमणा तर मोपाक जा, विमानतळार ट्रॉली ढकल. म्हणून तो च्च करतो. त्याची स्वतःची मोटरसायकल मागे, माडाखाली उभी असते. तिला सायलेन्सरपासून स्टँडपर्यंत गंज आहे. कोणी विचारलं तर म्हणतो, "तिका काय जाता? चलता हा."

त्याला सर्वांत जास्त भीती असते ती फीडबॅकच्या फोनची. गाडी सोडताना तो गिऱ्हाइकाच्या मागे फाटकापर्यंत येतो. काकांच्याही आला.

"काका, दोन दिसांनी फोन येतलो. दहापैकी किती, इचारतीत. दहा सांगा हां."

"नव देतंय. काम बरा केलंस."

"नऊ नको, काका. आमच्यात नऊ म्हणजे काठार. एक गुण वाढवा, तुमका काय कमी पडता?"

काकांनी काच खाली केली. ते पहिल्यांदाच हसले.

"नव गुण सर्व्हिशीतले, ते फुकट. दहावो एक्स्ट्रा. तो घेतलेलो बरो, खारी हवा आसा. तेचे आठशे रुपये, वर जीएसटी."