खोगीरभरती

(रंगमंचावर एक स्टूल. त्यावर मोटारसायकलची सीट उलटी ठेवलेली. पन्नाशीचा गृहस्थ येतो, प्रेक्षकांना रामराम करतो.)

बसलाय न्हवं निवांत? खुर्ची मऊ हाय? बरं वाटतंय? अर्ध्या तासानं परत इचारतो. मऊ गादी सुरुवातीला कधी खरं बोलत न्हाई.

माझी गाडी स्प्लेंडर. कोल्हापुरात बुलेट असती पावण्यांना दाखवायला. दूध घालायला, पोरं शाळंत सोडायला आणि सासऱ्यास्नी यष्टी स्टँडवरनं आणायला स्प्लेंडर. इंजिनाला आजूनबी तोड न्हाई. फोम मात्र बसला. फोम बसला की माणूस फोमवर बसत न्हाई मंडळी, खालच्या प्लॅस्टिकच्या पॅनवर बसतो. वर ती सीट फुडं उताराची! ब्रेक मारला की सासरे माझ्या पाठीवर, मी टाकीवर. गंगावेशीतनं निघाल्यापास्नं बिंदू चौकापर्यंत सासरे-जावई इतकं जवळ आल्यालं मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितलं न्हाई.

मेव्हणा म्हणाला, "भावजी, दुकानात कशाला? घरात करू की!"

आता कोल्हापुरात "घरात करू" म्हटलं की काम घरात ऱ्हातंय व्हय? (सीट उचलून दाखवतो.) दोन बोल्ट काढून ही अशी कट्ट्यावर उलटी ठिवली, आणि अख्खी गल्ली गोळा! पयलं आलं तालमीतलं वस्ताद. त्येनी सीटकडं बघितलंच न्हाई, माझ्याकडं बघितलं. मागनं. "सीट कशाला बदलतोस? बूड कमव! रोज दोनशे बैठका मार. शाहू म्हाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान बांधलं, तवापास्नं लोकं कुस्त्या बघत बसत्यात. कुणी गादी मागितली?"

वस्तादास्नी कोण सांगणार, की खासबागंत खड्डं नसत्यात!

मग आत्ती वाकळ घिऊन आली. लुगड्याच्या सात घड्या. म्हणाली, "ही घाल आत. तुझ्या आज्याचा जल्म गेला हिच्यावर." म्हटलं आत्ती, आजा झोपत हुता, मला गाडी चालवायचीय!

आणि मेव्हण्यानं काय आणावं? सोफ्याचा फोम. तीन इंच! लावला. बसलो... (स्टुलावर अलगद टेकतो, डोळे मिटतो.) आगाऽऽ गा गा! लोण्यात बसल्यागत! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. फकस्त खाली पाय टेकंनात. सिग्नलला अंगठ्यावर उभा, भरतनाट्यम चाललंय!

आणि त्याच सीटवर निघालो रत्नागिरीला, मेव्हणीच्या लग्नाला. १३० किलोमीटर. केर्लीपर्यंत राजा हुतो मी. वाघबिळात... (एका अंगाला कलतो) जरा असं. बांबवड्यात... (दुसऱ्या अंगाला कलतो) जरा असं. मलकापुरात उभ्यानं गाडी चालवायला लागलो. समोरनं येणारे हात जोडायला लागले, त्यास्नी वाटलं मिरवणूक आली! मऊ फोम वजनानं दबत दबत जातो आणि शेवटी हाडं जाऊन पॅनला भेटत्यात. आंबा घाट मी कसा उतारलो, त्ये माझं मला म्हाईत. लग्नात समदे म्हणत्यात, "दाजी, बसा की." मी म्हणतोय, "मुलीकडचे हाय, उभंच बरं."

परत आलो ते थेट शिवाजी उद्यमनगरात. तिथं आमचा एक दोस्त फौंड्रीत हाय. त्याला बूड दुखतंय म्हणून सांगितलं, तर त्यानं काय इचारावं? "ड्रॉइंग हाय?"

म्हटलं, मर्दा, बुडाचं कसलं ड्रॉइंग!

"मग पॅटर्न काढूया." साच्याची माती असती बघा, वाळू, बेंटोनाइट आणि पाणी. पेटी भरली, वरनं सपाट केली आणि मला म्हणाला, "बस." बसलो. उठलो. समदे कामगार वाकून बघाय लागले. मातीत दोन खोल खड्डं! दोस्तानं व्हर्नियर काढला आणि मोठ्यानं वरडला, "हाडापास्नं हाडापर्यंत साडेचार इंच!" तिकडनं एकानं वहीत लिवून घेतलं. पंचायतीत जल्माची नोंद करत्यात तसं.

पर खरी अक्कल तिथं आली. समदं वजन त्या दोन हाडांवर. म्हंजे तिथं फोम मऊ न्हाई, दमाचा पायजे. ४० डेन्सिटीचा, म्हंजे घनमीटरला ४० किलो भरणारा. खाली रिबॉन्डेडचा पातळ थर, तुकडं दाबून केल्याला, घट्ट. फुडचा उतार भरून काढायचा, मांडीकडं कडा तासायच्या, म्हंजे पायबी टेकत्यात. सोल्युशन दोन्हीकडनं लावायचं आणि बोटाला चिकटंना झालं की मगच जोडायचं.

दोस्त म्हणाला, "डाय करूया, शंभर पीस काढूया." म्हटलं, माझ्या मापाची बुडं गावात शंभर हायत का!

मग रेक्झिन. उन्हात तापवून ढिलं केलं, आधी नाकाकडनं पिना, मग मागं, मग एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला. पिना ६ एमएमच्याच! मेव्हणा लांब पिना घिऊन आला हुता, त्याला घरी लावून दिला. पॅनमधनं आरपार आल्या तर बसायचं कुणी? मी पिना मारतोय, आणि रेक्झिन वडायला गल्लीतली चार पोरं: "वढ पाचची!" एका दमात अशी वढली, की माझी चप्पलबी सीटखाली पिनंत अडकली!

आतनं बायकू वरडली, "अवो, मी दमलो तुमच्या खोगीरभरतीपायी! सैपाक करू का पिना येचू?"

वरनं पट्टणकोडोलीच्या घोंगड्याचा तुकडा टाकतो आता. लोकर हाय, वारा खेळता ऱ्हातो, घाम धरत न्हाई. टोचतंय जरा. पर सासरे मागनं सरकत न्हाईत! त्या लोकरीला जागीच चिकटून असत्यात. (हात जोडतो.) धनगरबाबांचं लई उपकार.

आता तरास एकच. गल्लीतला हर माणूस येतो, "जरा बसून बघतो." सकाळी वस्ताद आलं, बसलं, तासभर उठलंच न्हाईत. म्हटलं, वस्ताद, बैठका? म्हणाले, "ही बैठकच हाय की!"

(बाहेर ढग गडगडतो. कान देतो.)

आयला, आला! ऐका मंडळी. शिवणीतनं पाणी आत गेलं की फोम पितो, वरनं कोरडा दिसतो आणि बसल्यावर इजारीत सोडतो. मी रेक्झिनखाली प्लॅस्टिक घातलंय. तुमचं काय? ज्यांच्या गाड्या बाहेर हायत त्येनी जावा, सीटवर पिशवी घालून या. मी थांबतो. जावा, जावा!