नाटक बघायचं म्हणे!

पस्तिशीच्या माणसाला सेरेब्रल पाल्सी असावी, तो व्हीलचेअरवर असावा, इथवर समाजाची काही हरकत नाही. पण त्याला नाटकाचं वेड असावं? हे जरा अतीच झालं. त्याने कसं, खिडकीशी बसावं, टीव्ही बघावा, आल्यागेल्याने 'किती गोड हसतो ना!' म्हटलं की हसून दाखवावं. ते सोडून हा शनिवारी रात्रीच्या प्रयोगाला निघतो म्हणजे काय?

बरं, खर्च तरी बघावा! तिकिटं दोन. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस सोबत हवाच, आणि तो तीन तास घड्याळाकडे बघत बसला तरी नाट्यगृहाच्या लेखी रसिकच. त्याची ड्युटी आठला संपते, पुढे ओव्हरटाइम. रिक्षावाल्याचा गॅस नेमका खुर्ची दिसली की संपतो, म्हणून मोठी गाडी. ती थांबवली तर वेटिंग वेगळं. पायऱ्यांवर खुर्ची उचलायला दोघं-तिघं लागतात, त्यांचं चहापाणी. मित्रांचं जेवढ्यात अख्खं नाटक होतं, तेवढ्यात याची जेमतेम तिसरी घंटा होते.

सरकार मात्र उदार आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला १,५०० रुपये मिळत, २०२५ मध्ये त्याचे २,५०० झाले. अट एवढीच, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. महिन्याला ४,१६६ रुपयांत घर चालवण्याची कला ज्यांना साधली तेच गरजू. बाकीचे सगळे गर्भश्रीमंत. केंद्राचं निवृत्तिवेतन ३०० रुपये, तेही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषा अशी दोन्ही प्रमाणपत्रं असतील तर. २०१२ पासून हा आकडा जागचा हललेला नाही. त्यालाही बहुधा रॅम्प मिळाला नसावा.

मध्यमवर्गाला प्राप्तिकरात वजावट आहे: ७५,०००, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,०००. आकडे २०१५ चे. नवी करप्रणाली घेतली तर तीही नाही. नवी प्रणाली सुटसुटीत आहे ना, मग त्यात असली अडगळ कशाला?

'पण आई आहे ना घरी?' आहे की. सत्तरीची आहे. रोज त्याला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर घेते, बिनपगारी. सरकारी तिजोरीची एवढी मोठी बचत दुसरं कुठलं खातं करत नसेल. कमरेचा पट्टा तिने स्वतःच्या पैशाने आणला.

गंमत म्हणजे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा या सगळ्याला केव्हाच मान डोलावून बसला आहे. कलम ५ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आहे, त्यासाठी वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेख आहे. कलम २९ मध्ये संस्कृती आणि मनोरंजनही आहे. थोडक्यात, याचा शनिवार कायद्यात बसतो. अडतो तो अंदाजपत्रकात.

सोबत्याशिवाय काही जणांना घराबाहेर पडता येत नाही, हे रेल्वेला आणि एसटीला कळलेलं आहे. त्या सोबत्यालाही भाड्यात सवलत देतात. मग नाट्यगृहांनी आणि चित्रपटगृहांनी त्याचं तिकीट माफ करावं. आणि मदतनिसाच्या तासांचे पैसे सरकारने द्यावेत, उत्पन्नाचा दाखला न मागता. औषधाच्या वेळेचे द्यावेत, तसेच नाटकाच्या वेळेचेही.