सेहेचाळीस नंबरची दाढ

हुरड्याला बोल लावण्यात अर्थ नाही. काम रेवडीनं केलं. दौलताबादच्या पुढे एका स्नेह्याच्या शेतावर आगटीभोवती बसलो होतो. गुळभेंडीची कणसं निखाऱ्यातून निघत होती, कुणीतरी चोळून गरम दाणे पुढे करत होतं आणि मधूनमधून तोंडपालट म्हणून तिळाची रेवडी. तिसऱ्या रेवडीनं उजवीकडच्या खालच्या दाढेला अशी मिठी मारली की सुटताना ती एकटी सुटली नाही. बोटावर काढून पाहिलं तर तिळांमध्ये एक करडा खडा. वाटलं, दाण्यातून आला असेल. मग जीभ पाहणीला गेली आणि तिला तिथे एक विहीर लागली.

त्यानंतर जिभेला दुसरा उद्योग उरला नाही. रस्त्यात कुठे खड्डा खणला की आपल्याकडे निवृत्त माणसं हात पाठीमागे बांधून काठावर उभी राहतात, तशी ती तासातासाला तिथे जाऊन उभी राहायची. मी स्वतः त्याच जातीचा. चौतीस वर्षं धरणं, कालवे आणि पूल बांधण्यात गेली. पाहिलं ते सिमेंट, हुंगलं ते सिमेंट, जेवणाच्या डब्यातही थोडं गेलंच असेल. आणि माझ्याच दाढेत बावीस वर्षांपूर्वी भरलेलं सिमेंट रेवडीनं उपटून न्यावं? हा अपमान खात्याअंतर्गत होता.

आमच्या शेजारच्या वहिनींची लेक दंतवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेते. गेलं वर्षभर तिचं आमच्याकडे येणं-जाणं जरा वेगळ्या कारणानं वाढलं होतं. "काका, तुमच्या ओळखीत कुणी दात काढून घेणार आहे का?" असं ती, कुणी लग्नाची स्थळं विचारावीत तितक्या सहज विचारायची. तिच्या प्रबंधाला उपटलेले दात लागतात. ते ती औषधी पाण्याच्या बाटलीत जमवते. बाटली काही दिवस वहिनींच्या घरात लोणच्याच्या फळीवर होती, नंतर बरीच बोलाचाली होऊन गच्चीवर गेली. माझा दात अजून तोंडातच आहे हे ऐकून तिची थोडी निराशा झाली. पण म्हणाली, "उद्या कॉलेजला या."

खुर्चीत आडवा झालो. तिनं आरशानं पाहिलं आणि मैत्रिणीला सांगितलं, "सेहेचाळीस. लिही." मी घाबरलो. तोंडात दात बत्तीस, तेही आता हिशेबापुरते, मग हा सेहेचाळिसावा कुणाचा? तिनं समजावलं. तोंडाचे चार भाग करायचे, प्रत्येकाला एक आकडा. माझा खालचा उजवा भाग चौथा आणि त्यातला मधून मोजत गेलं की सहावा दात. चार आणि सहा, सेहेचाळीस. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या सिडकोतही असंच आहे. एन-वनपासून सुरुवात करून आकड्यांवर वसाहती बसवलेल्या; पाहुण्याला पत्ता सापडत नाही, पण नकाशा काढणारा समाधानी असतो.

शेजारच्या खुर्चीत एका आजोबांची कॅप बसवायची होती. तिथली विद्यार्थिनी काचेच्या जाड तुकड्यावर पांढरी भुकटी आणि पाण्यासारखं द्रव घेऊन उभी होती. भुकटीचे तिनं लहान-लहान वाटे केले आणि एकेक वाटा द्रवात ओढून पातळ, रुंद पसरत घोटू लागली. काच थंड करून आणलेली. मी मान वळवली, "ही काय पुरणाची तयारी?" "झिंक फॉस्फेट आहे काका. एकदम कालवलं तर तापतं आणि लगेच घट्ट होतं." माझ्या अंगावर काटा आला. धरणाच्या कामावर काँक्रीट तापू नये म्हणून आम्ही थोड्याथोड्या जाडीचे थर टाकायचो, पाण्यात बर्फ मिसळायचो आणि रात्र-रात्र त्या उष्णतेशी भांडायचो. इथे तेच भांडण पोरगी वीतभर काचेवर दीड मिनिटात मिटवत होती, आणि तिला ओव्हरटाइमही नव्हता.

हा मसाला एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. त्याचा भाऊबंद झिंक ऑक्साइड, तो लवंगेच्या तेलात कालवतात. दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकताच जो वास येऊन पोटात गोळा उठतो, तो निम्मा त्याचाच. मसाल्यात वनस्पती घालण्याचं कौतुक आम्हाला शिकवायला नको. वेरूळच्या लेण्यांत मातीचा जो गिलावा आहे, त्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये ते मांडलं. भांगेमुळे किडे गिलाव्याला तोंड लावत नाहीत, असा त्यांचा अंदाज. हजारावर वर्षं कीड लागली नाही! आमच्या दाढेला बावीस वर्षांत लागली. लवंगेऐवजी भांग घालून बघायला हरकत नव्हती. निदान पेशंट इतका वळवळला नसता.

माझा खड्डा नसेजवळ पोचला होता. वहिनींच्या लेकीनं एक पुडी काढली. इतकी चिमुकली की जाईफळाची पूड वाटावी. एक ग्रॅम. त्यातलंही चिमूटभरच तळाशी जाणार. "एमटीए," ती म्हणाली. अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९३ च्या सुमारास हे पुढे आणलं. ओलाव्यात घट्ट होतं, उलट ओलावा नसेल तर होतच नाही. मी खुर्चीत उठून बसलो. ओलाव्यात घट्ट होणारं, करडं, पाण्यानं पकडणारं मी एकच ओळखतो. "पोरी, यात आहे काय?" ती जरा थांबली. म्हणाली, "बहुतांशी पोर्टलंड सिमेंटच, काका. एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड घातलेलं." जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्यानं १८२४ साली ज्याचं पेटंट घेतलं, ज्याच्या पन्नास किलोच्या गोण्या मी जन्मभर मोजून घेतल्या आणि ज्यातली एक कमी भरली तर ठेकेदाराचा जीव खाल्ला, तेच आज ग्रॅमच्या भावानं माझ्या दाढेत जात होतं. अर्थात इथे ते शुद्ध, बारीक, निर्जंतुक. घरचं सिमेंट कुणी दातात भरू नये, हे एका इंजिनिअरनं सांगितलेलं बरं. तरी वाटून गेलं, गोण्यांचा हिशेब अखेर माझ्याच तोंडी येऊन मिटला.

त्यावर वरचा थर ग्लास आयोनोमरचा. हे लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९६९ च्या सुमारास शोधलं. काचेची पूड आणि आम्ल. दाताला ते स्वतःहून धरतं आणि वर थोडं-थोडं फ्लोराइड सोडत राहतं. अशी सिमेंटं किती जोर सोसतात हे मोजायला ती आपल्या बाटलीतले दात घेऊन इंजिनिअरिंग कॉलेजात जाते. तिथलं यंत्र कुठलं म्हणाल तर यूटीएम, ज्याखाली आम्ही सळ्या ताणून तोडायचो. एम-२० काँक्रीटच्या ठोकळ्यानं अठ्ठावीस दिवसांनी २० मेगापास्कल सोसलं की आम्ही चहा मागवायचो. दातात भरायच्या या सिमेंटला जागतिक मानक चोवीस तासांत १०० मागतं. हे ऐकून मी गप्प झालो. तोंडात तिची बोटंही होतीच.

मग निळा कागद आला. "टकटक करा. आता डावी-उजवीकडे घासा." भरलेलं जरा जरी उंच राहिलं तरी दात ओरडतो, केसापेक्षा बारीक वस्तू दोन दाढांमध्ये कळते म्हणे. मी घासलं, आणि कानाजवळ टक् असा आवाज झाला. तिनं हात थांबवला. माझी बोटं उचलून कानाच्या पाळीपुढे ठेवली. "उघडा. सावकाश." बोटाखाली एक गोळी आधी जागच्या जागी फिरली आणि मग चक्क पुढे घसरली. (वाचकांनी आता बोटं लावली असतील. लावा, आम्ही थांबतो.)

संध्याकाळी ती अभ्यासाची कवटी घेऊनच घरी आली. बायकोनं आधी देवघराचं दार लोटून घेतलं. खालचा जबडा म्हणजे नालासारखं एकच हाड, पण त्याला बिजागऱ्या दोन. उजवी हलली की डावीला हलावंच लागतं, एका जुवाखालचे बैल जणू. बिजागरी म्हणावं तर ती नुसती फिरत नाही, खाचेतून बाहेर सरकतेही. न सरकली तर बटाटेवडा फक्त बघायचा. आणि हाड हाडावर घासू नये म्हणून मध्ये एक चिवट चकती. पुलाच्या गर्डरखाली आम्ही निओप्रीनचं पॅड ठेवतो, अगदी तेच. माझी चकती पुढे सटकते आणि हाड परत तिच्यावर चढतं, तो टक्. "दुखत नाही ना? मग नुसत्या आवाजाला औषध नाही."

मी म्हणालो, आमच्या कामातही सांधा सोडावाच लागतो. न सोडला तर सिमेंट स्वतःच करून घेतं, त्याला आपण तडा म्हणतो. ती हसली नाही. म्हणाली, "काका, माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. पंचविशीतली पोरं येतात, एक बोट जात नाही. सुपारी, गुटखा. गाल आतून दोरखंडासारखे ताठ." राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, पुडी मात्र टपरीवरून उठली नाही. जे लवचीक राहायचं तेच त्या पोरांच्या तोंडात घट्ट होतं, आणि ते सैल करायला तिच्या काचेवर काही नाही. कवटीचा जबडा तिनं हलकेच मिटवला.

मग विषय बदलावा म्हणून की काय, तिनं सरड्याची गोष्ट सांगितली. सरड्याचा जबडा ज्या दोन हाडांवर उघडतो-मिटतो, ती सस्तन प्राण्यांत लहान होत-होत कानात गेली. आपल्या कानातली हातोडी आणि ऐरण ती हीच. कार्ल राइशर्टनं १८३७ साली भ्रूण तपासताना हे नातं ओळखलं. म्हणजे पूर्वी खाण्याकडे असलेल्या हाडांची पुढे ऐकण्याच्या खात्यात बदली झाली.

हे बायकोनं दारातून ऐकलं. "यांच्या बाबतीत ती फाइल अजून फिरतेय," एवढंच बोलली.

पोरगी जाताना दोन सूचना देऊन गेली. चोवीस तास उजवीकडून चावायचं नाही. आणि एरवी बसल्या-बसल्या ओठ मिटलेले, दात सुटे. दातावर दात दाबून बसायचं नाही. दुसरी सूचना बायकोनं फ्रिजवर चिकटवली, त्यातले 'ओठ मिटलेले' हे दोन शब्द अधोरेखित करून.

रात्री उरलेल्या रेवड्यांचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला. "अहो, उद्या पाणी येणार आहे, टाकीचा नळ बघून ठेवा. आणि डब्याला हात लावायचा नाही. ऐकलंत का?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं.

टक्.

"हो म्हणालात असं धरते," ती म्हणाली आणि दिवा मालवला.