राजे, नवाब आणि शेणाचा पो

मे महिन्यात आंबोलीला कुणी जातं का, असं आमच्या घरात दर उन्हाळ्यात विचारलं जातं आणि दर उन्हाळ्यात आम्ही जातो. प्रश्न रास्त आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव. त्याची सगळी कीर्ती पावसाची. मे महिन्यात धुकं नाही, धबधबा नाही. घाटातला तो प्रसिद्ध धबधबा या दिवसांत म्हणजे नुसता उंच काळा कातळ. तरी गाड्या थांबतात, माणसं उतरतात, ‘पावसाळ्यात इथं काय पाणी असतंय!’ असं एकमेकांना सांगतात, कातळासोबत फोटो काढतात आणि भजी खाऊन मालवणच्या रस्त्याला लागतात.

ती गेली की माझं काम सुरू होतं. कातळाच्या पायथ्याला, नाहीतर ओढ्याच्या काठाला, कुठंतरी हातभर जागा ओली राहिलेली असते. तिथं उकिडवं बसायचं. हालचाल नाही, बोलणं नाही. थोड्या वेळानं काळ्या पंखांवर हिरवट निळा पट्टा ओढलेली ब्लूबॉटल फुलपाखरं येऊन चिखलात सोंड खुपसतात. आधी एक, मग दोन, मग त्यांना बघून आणखी.

“दाजी, त्या चिखलात काय घावलंय?” मेहुणा गाडीतूनच विचारतो. गाडी त्याची, त्यामुळे आवाजही त्याचाच.

फुलपाखराचं नाव फुलाशी जोडून आपण त्याच्यावर मोठाच अन्याय केला आहे. फुलात साखर मिळते, पोट भरतं. पण मीठ मिळत नाही. अळी असताना खाल्लेल्या पाल्यातही ते नावालाच असतं. ते मिळतं चिखलात, शेणात, जनावराच्या मुतात, कुजक्या खेकड्यात आणि माणसाच्या घामात. म्हणून उन्हाळ्यात, ओल आटत आली की, हे सगळे ओल्या जागेवर गर्दी करतात. या गर्दीत जवळजवळ सगळे नर असतात. जमवलेलं मीठ ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते पुढं अंड्यांत उतरतं. म्हणजे लग्नात मीठ वरपक्षानं आणायचं आणि तेही स्वतः चिखल उपसून. हे मी मेहुण्याला त्याच्या बायकोदेखत सांगितलं. वहिनींना फुलपाखरं तेव्हापासून आवडू लागली.

ब्लूबॉटलची आणखी एक खोड आहे, ती शाळेच्या पुस्तकात कधी छापत नाहीत. तो पुढून पाणी ओढत असतो आणि मागून पिचकाऱ्या मारत असतो. मीठ ठेवून घ्यायचं, पाणी सोडून द्यायचं. सहा वर्षांच्या भाच्याला फुलपाखराबद्दलची ही एवढी एकच गोष्ट सांगावी. बाकीचं तो आपणहून विचारतो.

पक्षी बघणारे माझे मित्र पहाटे पाचला उठतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. फुलपाखरू मात्र ऊन अंगावर आल्याशिवाय उडत नाही. पंख उघडून आधी अंग तापवून घेतं, मग कामाला लागतं. साडेआठ-नऊच्या आत बाहेर पडण्यात अर्थच नाही. चहा, कांदेपोहे, पुन्हा चहा आणि मग अभ्यास. आळशी माणसाला विद्वान म्हणवून घ्यायची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात नाही.

अकरानंतर आम्ही पॉइंट बघायला जातो. महादेवगड, कावळेसाद अशी नावं मेहुण्यानं फोनवर काढून ठेवलेली असतात आणि एक बघून झालं की तो त्यावर खूण करतो. मी विरोध करत नाही, कारण उंच माथ्यांवरही माझी मंडळी भेटतात. काही जातींचे नर डोंगराच्या टोकावर येऊन जागा धरतात आणि माद्यांची वाट बघतात. दुसरा नर आला की त्याला हुसकून लावतात. एसटी स्टँडवर कॉलेजची पोरं जशी विनाकारण उभी असतात, तसाच हा प्रकार. लोक कठड्याला टेकून दरी बघत असतात आणि त्यांच्या डोक्यावर दोन ब्लॅक राजांचं भांडण चाललेलं असतं.

हे राजे एरवी कुठं भेटतात ते सांगितलं पाहिजे. इंग्रजांनी आपल्या फुलपाखरांना नावं दिली त्यांतली बरीच छावणीतली आणि दरबारातली: कमांडर, सार्जंट, लास्कर, बॅरन, नवाब, राजा. यांतल्या राजा आणि नवाब या घराण्यांना फुलांचं वावडं आहे. त्यांना झाडाचा आंबलेला चीक लागतो, सडकं फळ लागतं आणि सगळ्यात प्रिय म्हणजे ताजं शेण. हिरण्यकेशीच्या वाटेवर एका शेणाच्या पोवर राजा आणि नवाब शेजारी शेजारी बसलेले मी बघितले आहेत. दरबार भरलेला होता, कुणाला कुणाची अडचण नव्हती.

राज्याचा मानकरी मात्र वेगळा. महाराष्ट्रानं 2015 साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत याला राणी पाकोळी म्हणत, आता नीलवंतही म्हणतात. काळ्या मखमलीवर निळं, पंख पसरले की पाच-सहा इंच. पण सरकारी मानाचा याच्यावर भलताच परिणाम झालेला दिसतो: हा कधी जागेवर सापडत नाही. सावलीतल्या वाटेनं येतो, वळणावर दिसतो, “तो बघा!” म्हणेपर्यंत पुढच्या दौऱ्यावर गेलेला असतो. ओल्या मातीवर टेकला तरच धड दर्शन.

एवढा वेळ खाली बसायचं म्हणजे घरच्यांना काही कारण द्यावं लागतं. मी बायकोला नाबोकोव्हचा दाखला दिला. ‘लोलिता’ लिहिणारा हा मोठा कादंबरीकार उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत फुलपाखरं धरत हिंडायचा. त्याला गाडी चालवता येत नव्हती. ती त्याची बायको व्हेरा चालवायची. नुसता छंद नव्हता तो. दक्षिण अमेरिकेतल्या काही निळ्या फुलपाखरांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या वाटेनं टप्प्याटप्प्यानं आले असावेत, असं त्यानं 1945 साली मांडलं. पुढं 2011 मध्ये डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी ते खरं ठरवलं. तोवर त्याला जाऊन तीन दशकं उलटली होती.

बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बरं. मग तुमची कादंबरी कधी?”

मेहुण्याचं मत बदललं ते त्याच्या घामामुळं. चढ चढून तो दगडावर बसला होता, शर्ट काढून बनियनवर. एक बारकंसं निळं फुलपाखरू आलं आणि त्याच्या दंडावर बसून घाम प्यायला लागलं. हॉर्न वाजवल्याशिवाय वळणसुद्धा न घेणारा हा माणूस दगडासारखा गप्प झाला. माशी हाकलायचीही त्यानं सोडून दिली. “मामा, याचं नाव काय?” असं मुलानं विचारलं तर त्यालाच ओठांवर बोट ठेवून दटावलं. फुलपाखरू उठून माझ्याकडे आलं आणि लगेच परत गेलं. “दाजी, तुम्ही जास्त आंघोळ करता,” हा त्याचा निष्कर्ष. खाऱ्या घामाची आवड बघता तो अगदीच अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

दुपारी ढग जमतात आणि वळीव येतो. ऊन गेलं की फुलपाखरंही गेली. पानाआड बसून राहतात. आयझॅक किहीमकरांचं 2008 सालचं भारतीय फुलपाखरांवरचं जाडजूड पुस्तक तेव्हा बाहेर निघतं. चित्रं बघून सकाळच्या गर्दीतला कोण कोण होता ते ठरवायचं, त्यावर वाद घालायचा. कॉमन मॉरमॉनवर तर हमखास भांडण, कारण त्याची एक प्रकारची मादी हुबेहूब कॉमन रोझसारखी दिसते. कॉमन रोझ विषारी, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. या बाईंनी त्याचे कपडे घातले आणि बिनधास्त हिंडायला मोकळ्या झाल्या. पक्षी फसतात तिथं चष्मेवाल्या माणसांचं काय!

तुम्ही मे महिन्यात त्या बाजूला गेलात तर कोरड्या कातळाकडे बघून हळहळू नका. खाली बघा, ओल शोधा. वेळ नऊ ते अकरा. अंगाला वासाचा फवारा मारू नका, घाम पुसू नका, जाळं तर मुळीच नेऊ नका. आणि डोंगरावर जाणं जमलं नाही तर घरच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर लक्ष ठेवा. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका. ती कॉमन मॉरमॉनची अळी असू शकते. डिवचलंत तर डोक्यातून लाल शिंग काढून वास सोडेल, एवढंच. तिला एक फांदी सोडा. फोडणीपुरता पाला उरतो.